मानपत्र कोणत्या शाळेस द्यावें?

शाळेची योग्यता पारखण्याचीं साधनें काळाप्रमाणें बदलत आलीं आहेत. एके काळीं इन्स्पेक्टरसाहेब वर्गांत येऊन मुलांस दोन प्रश्न विचारीत आणि फळ्याकडे एक दृष्टि टाकून शेरा लिहीत. पुढें परीक्षेचा निकाल हेंच माप झालें. मग इमारत, प्रयोगशाळा, क्रीडांगण यांचे गुण मिळूं लागले. अलीकडे या मापांत एका नव्या कलमाची भर पडली आहे. शाळेनें आपल्या मुलांच्या घरांशीं नातें किती जोडलें, घरच्या माणसांस किती जवळ केलें, अडचणीच्या वेळीं त्यांना कितपत हात दिला, हेंहि पाहावें. आणि ज्या शाळेनें अथवा बालकेंद्रानें हें काम चांगलें केलें असेल त्या संस्थेस मानपत्र द्यावें, अशी ही कल्पना आहे. इंग्लंडांत गेल्या कांहीं दशकांत अशीं गौरवचिन्हें देण्याची रीत चांगलीच रुळली आहे. शाळा अर्ज करते, पुरावे गोळा करते, परीक्षक येऊन शिक्षकांशीं व आई-बापांशीं बोलतात, आणि त्यांच्या पसंतीस उतरल्यास दर्शनी भिंतीवर लावावयाचें एक प्रशस्तिपत्र मिळतें. आपल्याकडेहि 'पालकसंपर्क' अशा कांहीं सदराखालीं शाळांना गुण व बक्षिसें देण्याचे उपक्रम होत असतात.

कल्पना उत्तम आहे. तिच्याशीं कोणाचा वाद नसावा. वाद आहे तो मापाविषयीं. नातें मोजावयाचें तें कशानें? मी स्वतः हें माप एकदां हातीं धरलें होतें आणि तें खोटें ठरलें होतें. म्हणून आधीं तेंच सांगतों.

१९९६ सालीं मी ज्या शाळेंत शिकवीत होतों ती अशाच एका स्पर्धेंत उतरली होती. माझें अक्षर बरें, म्हणून पालकसभांचीं हजेरीपत्रकें ठेवण्याचें काम माझ्याकडे आलें. आलेल्या प्रत्येकाची सही घ्यावयाची आणि न आलेल्यांच्या नांवापुढें कारण लिहावयाचें. सहावीच्या वर्गांत एक मुलगा होता. त्याला संस्कृत अद्याप सुरू व्हावयाचें होतें, तरी शेजारच्या वर्गांतून कानांवर पडलेलीं रामाचीं रूपें त्यानें पाठ केलीं होतीं आणि मधल्या सुटींत तीं तो मला म्हणून दाखवी. चतुर्थीच्या एकवचनाला नेहमीं अडे व स्वतःच हंसे. त्याच्या घरचें कोणी एकाहि सभेस आलें नाहीं. पहिल्या दोन सभांच्या वेळीं कारणाच्या रकान्यांत मीं 'कळविलें नाहीं' असें लिहिलें. तिसऱ्या वेळीं 'पालक उदासीन' असें लिहिलें. शाळेला दुसरें बक्षीस मिळालें. ढाल मुख्याध्यापकांच्या खोलींत कांचेच्या कपाटांत बसली. दिवाळीच्या सुटीनंतर तो मुलगा शाळेंत आला नाहीं.

मार्चमध्यें त्याची आई शाळा सोडल्याचा दाखला नेण्यास आली. तिच्या मुलाला तिनें मामाच्या गांवीं ठेवलें होतें. नवरा दोन वर्षें अंथरुणाला खिळलेला. ती पहाटे चारपासून एका खानावळींत पोळ्या लाटी आणि संध्याकाळीं दोन घरचा स्वयंपाक करी. आमच्या सभा शनिवारीं दुपारीं चारला; तीच तिची दुसऱ्या कामावर निघण्याची वेळ. मीं सभांचा विषय काढला तेव्हां ती म्हणाली, "सभा असायच्या होय गुरुजी? पोरानं मला कधीं सांगितलंच नाहीं." आम्ही चिठ्ठ्या मुलाच्या हातीं धाडीत होतों. आईला येतां येणार नाहीं आणि न आल्याचें तिला वाईट वाटेल, हें ओळखून त्या अकरा वर्षांच्या मुलानें त्या तिच्यापर्यंत पोंचूंच दिल्या नव्हत्या. त्यांचें बिऱ्हाड शाळेपासून दहा मिनिटांच्या वाटेवर होतें. तीं दहा मिनिटें मी चाललों नाहीं.

उदासीन या शब्दाचा मूळ अर्थ बाजूला बसलेला असा आहे. ती बाई दिवसभरांत बसलेलीच नव्हती. तेव्हां माझा शेरा माणुसकीच्या दृष्टीनें तर चुकीचा होताच, पण तीस मुलांना व्युत्पत्ति शिकविणाऱ्या मास्तराला तो त्या दृष्टीनेंहि शोभणारा नव्हता. पत्रक पुरावा म्हणून स्पर्धेच्या कागदांबरोबर गेलें होतें, आणि परीक्षकांनीं त्याची नीटनेटकेपणाबद्दल तारीफ केली होती.

असो. घर आणि शाळा यांच्यामध्यें रेघ आंखण्याची खोड आमच्याच देशाची आहे असें मात्र नाहीं. मानपत्रांची रीत जेथें आज एवढी रुळली आहे त्या इंग्लंडांत विसाव्या शतकाचा बराच काळ कित्येक प्राथमिक शाळांच्या पटांगणांत खरोखरीची पांढरी रेघ मारलेली असे, आणि आई-बापांनीं तिच्यापलीकडे पाऊल टाकूं नये असा दंडक असे. आपल्याकडे ही रेघ चुन्याची नव्हती इतकेंच. मुंजींतलें मातृभोजन वाचकांनीं पाहिलेलें आहे. बटु आईबरोबर एका पानांत शेवटचें जेवतो, आणि त्यानंतर तो गुरूचा होतो. सोहळा गोड आहे. माझ्या आईचे डोळे त्या वेळीं भरून आलेले मला आठवतात. परंतु त्याचा अर्थ असाच कीं, विद्येच्या दारापाशीं आईनें थांबावयाचें. आश्चर्य हें कीं, याच परंपरेंतील बृहदारण्यकांत जाणत्या माणसाचें वर्णन करतांना ज्याला शिकविणारी आई आहे, बाप आहे आणि आचार्य आहे, असा क्रम लावलेला आहे. आचार्य तिसरा. आम्हीं मास्तरांनीं हा क्रम पाठ केला, आणि शाळेंत गेल्यावर पहिल्या खुर्चीवर आपणच बसलों.

इंग्लंडांतील रेघ पुसण्यास मोठा आधार मिळाला तो १९६७ सालच्या प्लाउडन समितीच्या अहवालाचा. लेडी प्लाउडन यांच्या अध्यक्षतेखालील या समितीनें प्राथमिक शिक्षणाचा सांगोपांग विचार केला. मुलांच्या प्रगतींत जो फरक पडतो त्याच्याशीं घरची सांपत्तिक स्थिति व शाळेची गुणवत्ता या दोहोंपेक्षांहि आई-बापांच्या वृत्तीचा, म्हणजे मुलाच्या शिक्षणाविषयींच्या त्यांच्या आस्थेचा, संबंध अधिक दिसतो, असें तिच्या पाहणींत आढळलें. या निष्कर्षाचे दोन अर्थ करतां येतात, आणि दोन्ही केले गेले. एक असा कीं, मूल मागें पडलें तर दोष घरचा, मास्तर सुटला. दुसरा असा कीं, आस्था ही वाढवितां येणारी वस्तु आहे, म्हणून शाळेनें घराकडे गेलें पाहिजे. माझ्या रजिस्टरांतला शेरा पहिल्या अर्थाचा होता, हें सांगावयास नकोच.

दुसऱ्या अर्थाचें काम पाहावयाचें असेल तर कॉर्बी या गांवीं जावें लागेल. नॉर्दॅम्पटनशायर परगण्यांतील हें गांव पोलादाच्या कारखान्यावर वाढलेलें. १९३० नंतर स्कॉटलंडांतून कामगारांचीं कुटुंबेंच्या कुटुंबें येथें येऊन राहिलीं. १९८० सालीं पोलाद गाळण्याचें काम बंद झालें आणि हजारों हात एकदम रिकामे झाले. गिरण्या बंद पडल्यानंतरचें लालबाग-परळ ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना त्या गांवाची कळा निराळी वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं. अशा गांवांत १९८३ सालीं एका जुन्या शाळेच्या इमारतींत 'पेन ग्रीन' नांवाचें बालकेंद्र निघालें. पहिल्या प्रमुख मार्जी व्हॅली. आरंभीं वस्तींतल्या लोकांनींच त्याला विरोध केला. बिघडलेल्या कुटुंबांना सुधारण्यासाठीं सरकार कांहीं तरी काढीत आहे, आणि तेथें पाऊल टाकलें कीं आपल्यावर शिक्का बसेल, ही त्यांची भीति. ती अगदींच वावगी होती असें म्हणवत नाहीं. उपकार करावयास आलेला मनुष्य ओळखूं येतो.

केंद्रानें मग उपकाराची भाषा टाकली. मुलाचे पहिले शिक्षक त्याचे आई-बाप आहेत, आणि आपण त्यांचे भागीदार आहोंत, या समजुतीवर त्यांनीं सारें काम उभारलें. ही समजूत भाषणांत सर्वच शाळा बोलून दाखवितात. पेन ग्रीनमध्यें ती रोजच्या व्यवहारांत कशी उतरली तें पाहण्यासारखें आहे. लहान मुलांना कांहीं खेळांचा ध्यास असतो. एखादें मूल दिवसभर वस्तु इकडून तिकडे नेत असतें. दुसरें जें सांपडेल तें फडक्यांत गुंडाळतें. तिसरें सर्व गोष्टी रांगेंत मांडतें. चौथें गोल फिरणाऱ्या वस्तूंमागें लागतें. या ध्यासांतून त्याची बुद्धि आकार घेत असते, असा एक विचार क्रिस ॲथी या विदुषीनें १९७० नंतरच्या दशकांत मुलें व त्यांचे आई-बाप यांच्या निरीक्षणावरून मांडला होता. पेन ग्रीनच्या शिक्षकांनीं हा विचार स्वतःपाशीं न ठेवतां तो आई-बापांना समजावून दिला, आणि विचारलें, तुमचें मूल घरीं काय करतें? आई-बाप टांचणें ठेवूं लागले. चलच्चित्र घेण्याचा लहान कॅमेरा घरीं नेऊन त्यांनीं मुलांचे खेळ टिपले. केंद्रांतले खेळ शिक्षकांनीं टिपले. आणि दोघांनीं शेजारीं बसून तीं चित्रें पाहिलीं. शाळेंत जें मूल 'एका जागीं बसत नाहीं' म्हणून ओळखलें जातें, तेंच घरीं स्वयंपाकघरांतला प्रत्येक डबा ओट्यावरून खाटेखालीं नि खाटेखालून ओट्यावर नेत असतें, हें आईनें सांगितल्यावर शिक्षकाला कळावें, यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. उलट मुलाच्या चंचलपणाला आईकडून अर्थ मिळाला.

येथें मला आमच्या एकत्र कुटुंबाची एक गोष्ट सुचते. मुलाचे असे ध्यास आमच्याकडे सर्वांत आधीं कोणास ठाऊक असतात? बहुधा आजीला, नाहीं तर दुपारीं घरीं असणाऱ्या काकूला. 'हा मेला सगळ्या चपला दारांत ओळीनं लावतो' हें निरीक्षण ती रोज करीत असते. त्याला शास्त्रीय नांव आहे हें मात्र तिला कोणी सांगितलेलें नसतें. आणि शाळेच्या कागदावर सहीला जागा दोनच, आई अथवा वडील. जिनें मुलाला भरवलें, निजवलें, शाळेच्या फाटकापर्यंत पोंचविलें, तिचें नांव लिहावयास शाळेकडे रकानाच नाहीं. पेन ग्रीनमध्यें आजी-आजोबांनाहि स्थान आहे. बाप येत नाहींत असें दिसून आलें तेव्हां तेथें आळशी म्हणून त्यांचा शेरा झाला नाहीं; बापांना जमेल अशा वेळा ठेवून त्यांच्यासाठीं बैठकी सुरू झाल्या.

१९९७ सालीं सरकारनें बालशिक्षणांतील उत्कृष्ट केंद्रें म्हणून कांहीं संस्था निवडल्या, तेव्हां पहिल्याच निवडींत पेन ग्रीनचें नांव होतें. हा मान काम सुरू झाल्यावर चौदा वर्षांनीं आला, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढील हकीकतीशीं त्याचा संबंध आहे.

ही हकीकत 'शुअर स्टार्ट' या योजनेची. नांवाचा भावार्थ खात्रीचा आरंभ असा करतां येईल. ब्रिटनच्या अर्थखात्यांतील नॉर्मन ग्लास या अर्थशास्त्रज्ञानें तिचा आराखडा तयार केला. १९९८ सालीं ती जाहीर झाली व १९९९ पासून इंग्लंडच्या अतिशय गरीब वस्त्यांतून तिचीं केंद्रें निघूं लागलीं. चार वर्षांखालील मुलें व त्यांचे आई-बाप यांच्यासाठीं आरोग्याचा सल्ला, खेळ, मुलाच्या बोलण्याकडे लक्ष, बाळंतिणीच्या घरीं भेट, आणि आई-बापांना काम मिळविण्यास मदत, हें सर्व एका ठिकाणीं. केंद्राचा प्रदेश केवढा असावा याचें माप फार सुरेख होतें: बाबागाडी ढकलीत आई पायीं येऊं शकेल एवढा. त्या प्रदेशांतलें प्रत्येक घर आंत येण्यास मोकळें. गरिबीचा दाखला कोणी मागावयाचा नाहीं, म्हणजे शिक्का बसण्याची भीति नाहीं. आणि कारभार पाहणाऱ्या मंडळांत त्या वस्तींतलेच आई-बाप बसत. कोणत्या गोष्टीची आपल्याला गरज आहे तें तेच सांगत.

योजना लोकप्रिय झाली, आणि लोकप्रिय गोष्टीचें जें होतें तें हिचें झालें. दर वस्तींत केंद्र पाहिजे अशी मागणी झाली. २००४ च्या सुमारास कारभार स्थानिक नगरसंस्थांकडे देऊन सर्वत्र बालकेंद्रें काढण्याचें ठरलें. २०१० पर्यंत त्यांची संख्या ३,५०० च्या वर गेली. प्रत्येक केंद्राच्या वांट्याचा पैसा मात्र पातळ झाला, आणि मंडळांतले आई-बाप बहुतेक ठिकाणीं सल्लागार होऊन राहिले. स्वतः ग्लास यांनीं २००५ सालीं जाहीर लेख लिहून आपल्या योजनेच्या या रूपांतराबद्दल नापसंती दर्शविली. त्याच वर्षीं सरकारी मूल्यमापनाचा पहिला मोठा निकाल आला. योजना असलेल्या व नसलेल्या वस्त्यांतील मुलांमध्यें फारसा फरक नाहीं. इतकेंच नव्हे तर अगदीं तरुण माता, एकट्या माता अशा अतिशय अडचणींतल्या कुटुंबांचें कांहीं बाबतींत उलट अहितच झालेलें दिसतें, असें त्यांत होतें. २००८ च्या पुढल्या पाहणींत चित्र सुधारलें, पण पहिल्या निकालाचा बोभाटा व्हावयाचा तो होऊन गेला होता.

पुढें २०१० पासून ऑफस्टेड हें शाळा तपासणारें सरकारी खातें बालकेंद्रेंहि तपासूं लागलें व त्यांना उत्तम, चांगलें, सुधारणा हवी असे शेरे देऊं लागलें. केंद्राच्या प्रदेशांतल्या किती कुटुंबांची नोंद झाली याला त्या तपासणींत मोठें महत्त्व असे. माझ्या हजेरीपत्रकाचें हें विलायती भावंड. २०१५ सालीं ही तपासणी थांबविण्यांत आली. तोंवर सरकारनें खर्चाला कात्री लावली होती. बालकेंद्रांसाठीं राखून ठेवलेला पैसा २०११ पासून राखीव राहिला नाहीं, आणि पुढील वर्षांत हजाराहून अधिक केंद्रांचीं दारें बंद झालीं.

आणि मग निकाल आला. लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेनें त्या बालकांचा पुढें मोठीं होईपर्यंत मागोवा घेतला. २०१९ सालच्या तिच्या अहवालांत एक मौजेची गोष्ट आहे. केंद्राजवळ राहणाऱ्या तान्ह्या मुलांना इस्पितळांत ठेवण्याचें प्रमाण पहिल्या वर्षीं वाढलेलें दिसलें. त्या वेळीं कोणी परीक्षक आला असता तर त्यानें काय शेरा मारला असता? परंतु मुलें एकत्र आलीं कीं आधीं दुखणीं पसरतात, आणि वेळेवर डॉक्टरकडे जा असें सांगणारें कोणी भेटलें कीं आई मुलाला घेऊन जाते, एवढाच त्याचा अर्थ होता. तींच मुलें अकरा वर्षांचीं झालीं तेव्हां इस्पितळांत जाण्याचें प्रमाण स्पष्टपणें उतरलेलें होतें. २०२४ सालीं शिक्षणासंबंधीं अहवाल निघाला. पहिलीं पांच वर्षें केंद्राच्या जवळ राहिलेल्या मुलांचा सोळाव्या वर्षींच्या शालान्त परीक्षेंतील निकाल इतरांपेक्षां वरचढ ठरला. गरिबीमुळें शाळेंत फुकट जेवणाचा हक्क असलेल्या मुलांत हा फरक सर्वांत मोठा, एकंदर तीन श्रेणींचा होता. म्हणजे ज्याला पांच विषयांत 'सी' मिळावयाची त्याला त्यांपैकीं तीन विषयांत 'बी' मिळाली. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, हा सारा लाभ १९९९ ते २००३ या काळांत निघालेल्या पहिल्या केंद्रांचा होता. मागाहून निघालेल्या केंद्रांचा तसा परिणाम आढळला नाहीं. पहिल्या केंद्रांपाशीं पैसा अधिक होता हें खरें. परंतु त्यांच्या कारभारांत वस्तींतल्या आई-बापांचा हात होता, आणि त्यांचीं माणसें घरोघर जात होतीं, हेंहि तितकेंच खरें. २०२५ च्या हिशेबांत याच संस्थेनें सांगितलें कीं, योजनेवर घातलेल्या प्रत्येक पौंडामागें सुमारें दोन पौंडांचा लाभ झाला.

२००५ सालीं जीं केंद्रें जवळजवळ नापास झालीं होतीं तीं १९ वर्षांनीं पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झालीं. प्रशस्तिपत्र लावावयास मात्र त्यांतल्या कित्येकांना भिंतच उरलेली नव्हती. २०२५ च्या जुलैमध्यें ब्रिटिश सरकारनें कुटुंबकेंद्रांची नवी योजना जाहीर केली व २०२८ अखेर एक हजारपर्यंत केंद्रें काढण्याचा संकल्प सोडला. ठीक आहे. परंतु १९९९ सालीं आईच्या बाबागाडींतून केंद्रांत आलेलें मूल आज पंचविशी ओलांडून गेलें आहे.

शाळेनें घराकडे जावें ही गोष्ट शिकण्यास आम्हांस विलायतेला जावयाची गरज नव्हती, हेंहि सांगितलें पाहिजे. १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी या गांवीं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वारली पाड्यांवरचीं मुलें गांवांतल्या बालवाडींत येईनात. 'पालक उदासीन' असें लिहिण्यास यापेक्षां चांगली संधि कोणती? या दोघी बायांनीं निराळें केलें. मुलें येत नाहींत तर बालवाडीच पाड्यावर न्यावयाची. झोंपडीपुढल्या अंगणांत त्या जाऊन बसल्या. मुलांना आंघोळ घालावी, केंस विंचरावे, आणि शंख, शिंपले, बिया, पानें यांच्याच साधनांनीं मोजावयास शिकवावें, असें सुरू झालें. आई तेथेंच कामांत असे. तिच्या डोळ्यांदेखत सारें चाले. अंगणवाडी हा शब्द या अंगणांतून निघाला. पुढें १९५७ च्या सुमारास हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें, आणि गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांतच शाळा भरूं लागली. ताराबाईंना १९६२ सालीं पद्मभूषण व अनुताईंना १९८५ सालीं पद्मश्री मिळाली. १९७५ च्या २ ऑक्टोबरला भारत सरकारनें एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणीं सुरू केली, तीच अंगणवाडीच्या नांवानें देशभर पसरली. आज अशा अंगणवाड्या सुमारें चौदा लाख आहेत. बहुतेक एका खोलींत भरतात. तेथील सेविकांचा पुष्कळसा वेळ वजनें, उंच्या व हजेऱ्या नोंदण्यांत जातो. पूर्वीं त्यासाठीं रजिस्टरें होतीं, आतां फोन आला आहे. त्यांना मीं दोष देणें म्हणजे चोरानें कोतवालास शिकविण्यासारखें होईल.

कायद्यानेंहि दार उघडलें आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वयें स्थापावयाच्या शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद मुलांचे आई-बाप अथवा पालक असावेत, आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. शुअर स्टार्टच्या पहिल्या केंद्रांना जें बळ देऊन गेलें तें आमच्या कायद्यांत लिहिलेलेंच आहे. समितीच्या सभेंत आयांपुढें ठरावाचें पुस्तक केवळ सहीसाठीं सरकवलें जातें, कीं त्यांचा शब्द ऐकून एखादा ठराव बदलतो, तें प्रत्येक गांवानें आपल्यापुरतें पाहावें.

गेल्या महिन्यांत एका ओळखीच्या गृहस्थांचें पत्र आलें. आमच्या भागांतल्या शाळांना पालकसंपर्काबद्दल एक लहानसें बक्षीस द्यावयाचें आहे, आपण परीक्षक व्हावें, अशी विनंति होती. मीं कळविलें कीं, मेळाव्याचे फोटो व सह्यांचीं पत्रकें मला पाठवूं नयेत. प्रत्येक शाळेनें, जीं सभेला कधींच येत नाहींत अशा तीन घरांचीं नांवें तेवढीं द्यावींत, आणि घरच्यांची हरकत नसेल तर मी तेथें जाऊन येईन. पांच वर्षांपूर्वीं ज्या मुलांनीं शाळा सोडली त्यांचीं नांवें मिळालीं तर फारच उत्तम. गृहस्थांना ही अट विचित्र वाटली असावी. उत्तर यावयास वेळ लागला. सात शाळांपैकीं चार शाळांनीं माघार घेतली. दोघांनीं नांवें दिलीं, पण नुसतीं नांवें. एका मराठी शाळेची यादी काल आली. साधा रेघी कागद आहे, शिक्का थोडा पुसट उमटला आहे. तीन घरांचे पत्ते शाईनें लिहिलेले आहेत, आणि पहिल्या पत्त्यापुढें वर्गाच्या बाईंनीं पेन्सिलीनें बारीक अक्षरांत लिहिलें आहे: 'सकाळीं सातच्या आंत जावें. नंतर आई कामावर जातात. आजींना ऐकूं कमी येतें, कडी मोठ्यानें वाजवावी.'